सहा पावसाळ्यांचा गंज

रहेमान नखानं लोखंड वाचायचा. उजव्या अंगठ्याचं नख त्यानं मुद्दाम वाढवलेलं होतं. गंजलेलं खुरपं, विळा, पटाशी, काहीही हातात आलं की आधी ते नख पात्यावरून ओढायचं. वरचा गंज नारिंगी, भुकटीसारखा. तो गेल्या पावसाळ्याचा. त्याखाली तपकिरी पापुद्रे. तळाशी काळा थर, लोखंडाला धरून बसलेला. नखाखाली काय आलं ते तो उजेडात बघायचा आणि म्हणायचा, "तीन पावसाळे." किंवा पाच. तेवढी वर्षं त्या हत्याराला कुणाचा हात लागलेला नसायचा.

त्याचं घर नाशिकच्या कथड्यात होतं आणि दर बुधवारी गोदावरीच्या वाळवंटात बाजार भरला की तो तिथं गोणपाट पसरून बसायचा. गोणपाटावर जुनी हत्यारं असायची, पण नव्यासारखी. चिंचेच्या पाण्यात भिजवलेली, विटेच्या चुऱ्यानं घासलेली, नवी मूठ बसवलेली, करंजाच्या तेलाचा हात फिरवलेली. लोक घ्यायला यायचे, घासायला द्यायला यायचे आणि काही नुसते ऐकायला यायचे.

एका बुधवारी मखमलाबादची कलाबाई माळीण आली. मागून तिचा नवरा पुंजाराम, जरा अंतर ठेवून.

"रहेमानभाई, हे खुरपं बघा आन् समद्यांसमोर सांगा, किती दिस झाले याला मातीत जाऊन."

रहेमाननं नख ओढलं. "एक पावसाळा. पुरता."

"आयकलं?" कलाबाई नवऱ्याकडे वळली. "आन् म्हनतो, रोज मळ्यात जातो."

"दुसरं खुरपं हाय ना माझ्याकडं," पुंजाराम म्हणाला.

"ते बी आनते पुढल्या बुधवारी."

भोवतीची माणसं हसली. पुंजारामही हसला, इलाज नव्हता. रहेमाननं खुरपं बाजूला ठेवलं. "बाई, मी लोखंडाचं सांगतो. माणसाचं नाही."

हे तो नेहमी म्हणायचा. माणसाच्या बाबतीत आपल्याला काही कळत नाही हे त्याला ठाऊक होतं, आणि त्याला त्याचं वाईटही वाटत नसे. त्याला एकच भाऊ होता, जमील, पाठचा. तोही त्याला कळला नव्हता.

जमीलचा हात रहेमानहून चांगला होता, पण जुन्या लोखंडात तो रमला नाही. त्याला ताजं लाकूड हवं होतं. एकोणीसशे सत्तावीस साली एका सकाळी तो चुऱ्याची पाटी ढकलून उठला. "मेलेल्यांची हत्यारं किती दिवस घासायची?"

"नको घासू," रहेमान म्हणाला. "जा. परत ये म्हणून मी सांगायला येणार नाही."

जमील मनमाडला गेला आणि रेल्वेच्या सुतारकामावर लागला. जाताना त्यानं एकच हत्यार नेलं, लाकूड तासायची एक पटाशी. ती रहेमाननं त्याच्या लग्नात मोडक्या कानशीपासून घडवून दिली होती. तिच्या पाठीवर कानशीचे दाते पुसट राहिले होते. ते रहेमाननं मुद्दाम ठेवले होते.

जमीलची बायको गुलजारबी कथड्यातच राहिली. तिकडे खोली मिळाली की नेईन, असं ठरलं होतं. तो दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा आला तेव्हा ईद होती आणि गुलजारला दिवस गेलेले होते. रहेमान त्याच्याशी बोलला नाही. मग जमील आलाच नाही. श्रावणात मूल झालं, ते मेलेलंच. मनमाडला पत्र टाकलं. उत्तर आलं, तो आला नाही.

पण पत्रं येत राहिली. दोन्ही ईदला एकेक, दिवाळीच्या सुमाराला एक. जमीलला लिहिता येत नव्हतं. मनमाडला त्याच्यासोबत काम करणारा लहानू म्हणून एक माळ्याचा मुलगा होता, तो पहिल्यापासून त्याची कार्डं लिहायचा. चौकातला दुकानदार वाचून दाखवायचा. मी खुशाल आहे. काम फार आहे. सध्या भुसावळकडे पाठवले आहे, कोणी येऊ नये, मीच येईन. गुलजारबीचा खोकला थंडीत वाढतो, तिला अडुळशाचा काढा द्यावा. मूल गेले यात तिचा दोष नाही.

ही शेवटची ओळ गुलजारनं दुकानदाराला तीनदा वाचायला लावली होती.

पैसा कधी आला नाही. रहेमानची बायको खातूनबी त्यावरून बोलायची. "काढा द्यावा म्हणे. याचा बाप देतोय अडुळसा? मनमाड काय मक्केच्या पलीकडं आहे? माणूस चालत निघाला तरी एव्हाना दहादा आला असता."

"त्याचा पाय त्याला आणील," रहेमान म्हणायचा.

एकदा गुलजारनंच विचारलं, "भाईजान, मी जाऊन येऊ का?" ती दाराआड उभी होती. रहेमान म्हणाला, "त्यानं बोलावल्याशिवाय?" तिनं पुन्हा विचारलं नाही. ती त्याच्यासाठी विटेचा चुरा फडक्यातून गाळायची, दुपारभर. एकतीस साली मालेगावच्या एका विणकरानं खातूनबीच्या माहेरामार्फत गुलजारसाठी विचारणा केली होती. बायको वारलेला, भला माणूस. खातूनबीनंच निरोप पाठवला की हिचा नवरा जिवंत आहे, ईदलाच कार्ड आलंय. त्या विणकरानं दुसरीकडे निकाह केला.

चौतीस सालच्या होळीआधी मनमाडच्या मोडवाल्याकडून जुन्या लोखंडाचं पोतं आलं. रहेमाननं ते अंगणात ओतलं. कुऱ्हाडीचं पातं, दोन हातोड्या, बिजागऱ्या आणि मुठीसकट एक पटाशी. मूठ वाळवीनं खाल्लेली होती. त्यानं सवयीनं नख ओढलं, भुकटी उजेडात धरली आणि मनात म्हणाला, सहा. मग पटाशी उलटी केली. पाठीवर, गंजाच्या आत, कानशीचे दाते होते.

त्यानं ती धुतली नाही, चिंचेत टाकली नाही. तसाच उंबऱ्यावर बसून राहिला. माणूस काम बदलतो, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. माणूस हत्यार विकतो, हरवतो. चोरीला जातं. मग त्यानं पात्याच्या टोकाशी तेलाचा थेंब सोडून तेवढाच गंज हळू उकरला. खाली धारेच्या दगडाच्या रेघा होत्या, पार टोकापर्यंत अखंड. डावा कोपरा किंचित जास्त घासलेला. जमील तशीच धार लावायचा, त्यावरून लहानपणी मार खाल्ला होता त्यानं. त्या धारेनं एकदाही लाकूड कापलेलं नव्हतं. संध्याकाळी बसून उद्याच्या कामासाठी धार लावलेली, आणि मग काही नाही. विकणारा माणूस धार लावत बसत नाही.

लोखंडाचं सांगतो, माणसाचं नाही. पण इथं दोन्ही एकच होतं.

घरी काही न सांगता दुसऱ्या दिवशी पहाटे तो नाशिक रोडला चालत गेला आणि मनमाडची गाडी धरली. सात वर्षांत तो पहिल्यांदा त्या गाडीत बसत होता. लासलगाव मागे पडलं आणि पाय मोकळे करायच्या आत मनमाड आलं. एवढंच अंतर होतं.

लहानू सापडायला वेळ लागला नाही. रेल्वेच्या चाळीत खाटेला सुंभ भरत बसला होता. तिशीचा, टक्कल पडायला लागलेला. रहेमाननं नाव सांगितलं नाही. फडकं सोडून पटाशी खाटेवर ठेवली. लहानूचा हात सुंभावरच थांबला.

"माझ्या बायकोनं मोडीत घातली," तो म्हणाला. "मी ड्युटीवर होतो. लय शोधली ही."

"कधी गेला?"

"अठ्ठावीस साली. मृगाच्या आधी. पटकीची साथ होती. संध्याकाळी धार लावत बसला होता इथंच, या पायरीवर. रात्री सुरू झालं. दुसऱ्या दुपारपर्यंत होता."

रहेमाननं पायरीकडे पाहिलं.

"मला म्हनला, घरी कळवू नको. तिला सातवा हाय, ऐकून काहीतरी होईल. पोर होऊ दे, मग कळव. मी म्हनलं बरं." लहानू सुंभाकडे बघत बोलत होता. "मग तुमचं पत्र आलं, पोर मेलेलं झालं म्हनून. आता त्याच्यावर हे कसं लिहू? म्हनलं, दोन महिने जाऊ देत. तवर काहीतरी लिहायला पायजे म्हनून लिहिलं. मग ईद आली. सगळे आपापल्या घरी कार्डं टाकत होते."

"आणि मग?"

"एकदा लिहिलं की दुसरं लिहावंच लागतं, भाऊ. नाय लिहिलं तर तुम्ही येताल. रोज वाटायचं, आज येताल. तुम्ही आलाच नाय."

यात लहानूचा काही टोमणा नव्हता. तो फक्त झालं ते सांगत होता. पण रहेमान उठून बाहेर जाऊन उभा राहिला. सहा वर्षं त्यानं भावाला मनातल्या मनात निर्दय ठरवलं होतं. रोज नमाजानंतर दुवा मागताना जमीलच्या नावाशी येऊन त्याचे ओठ आवळत.

लहानूनं त्याला कब्रस्तानात नेलं. त्या आठवड्यात फार माणसं गेली होती. लहानूनं बाभळीपासून भिंतीपर्यंत हात फिरवला. "या कडेला. नक्की कुठं ते मला बी सांगता येनार नाय." रहेमान बाभळीपासून भिंतीपर्यंत सगळ्यांसाठी फातेहा पढला.

निघताना त्यानं विचारलं, "खोकल्याचं तुला कुणी सांगितलं?"

"तोच सांगायचा. अडुळशाचं माझ्या मनाचं." लहानू पुढं चालू लागला. "पोराचं बी. तिचा दोष नाय, ते. मला वाटलं, असता तर त्यानं लिहिलं असतं."

घरी आला तेव्हा दुपार होती. गुलजार अंगणात फडकं ताणून चुरा गाळत होती. रहेमाननं पटाशी तिच्यासमोर जमिनीवर ठेवली. तिनं ती ओळखली. मान खाली घालून तिनं फडक्याची चारही टोकं सोडली आणि लाल चुरा तिच्या पायांवर पडला.

"किती?" तिनं विचारलं. बाजारात लोक विचारतात तसंच.

"सहा."

तिनं बोटांवर मोजलं नाही. "म्हणजे मूल झालं तेव्हा..."

"तेव्हा नव्हता तो." मग लहानूनं सांगितलेलं सगळं त्यानं सांगितलं, कार्डांचंही.

खातूनबी आतून आली, तिनं पटाशी पाहिली, दोघांना पाहिलं. मग ती रडायला लागली, मोठ्यानं, आपण बोललेलं एकेक आठवून. गुलजार रडली नाही.

इद्दतीचं, नवऱ्यामागं बाईनं बसायच्या मुदतीचं, काय ते विचारायला रहेमान मशिदीत गेला. मौलवी वयस्कर होते, सावकाश बोलायचे. त्यांनी तारखा विचारल्या, डोळे मिटले. म्हणाले, इद्दत नवरा वारल्यापासून धरतात, बायकोला कळल्यापासून नाही. आणि पोटुशी बाई असेल तर मूल झालं की तिची इद्दत संपते. "तिची त्या श्रावणातच संपली, रहेमान. आता बसायची गरज नाही. ती मोकळी आहे."

रहेमाननं घरी येऊन दाराबाहेरूनच हे सांगितलं.

"संपली," गुलजार म्हणाली. "मी त्या दिवशी त्याची वाट बघत होते. त्यानं येऊन मूल बघावं म्हणून दोन घटका पुरू दिलं नव्हतं मी." मग म्हणाली, "भाईजान, मग मी रडायचं कधी?"



ती बसली. चार महिने दहा दिवस. खातूनबीनं समजावलं, मौलवींनी पुन्हा निरोप पाठवला की याची आवश्यकता नाही. तिनं बांगड्या उतरवल्या, पांढरी ओढणी घेतली आणि आतल्या खोलीत बसली. कार्डं तिच्याजवळ होती, सगळी. तिला वाचता येत नव्हतं, पण कुठल्या कार्डावर काय आहे ते पाठ होतं. पहिली तीन तिनं वेगळी ठेवली. ती जमील जिवंत असतानाची. त्यांत काम, खोली आणि पटाशीला नवी मूठ लागेल एवढंच होतं. बाकीच्यांचं काय करावं ते तिला कळेना. एकदा खातूनबीला ती म्हणाली, "भाभी, तो असं बोलणारा नव्हताच. मला वाटायचं, दूर गेल्यावर शिकला." आणि मग ती रडली; कुणासाठी, ते खातूनबीनं विचारलं नाही.

मुदत संपल्यावर ती अंगणात आली. पटाशी उंबऱ्याजवळच्या कोनाड्यात तशीच होती. तिनं ती काढून रहेमानपुढे ठेवली.

"घासा."

"घासली की काही उरणार नाही, गुलजार. काही कळणार नाही तिच्यावरून."

"कळलं तेवढं बस झालं."

तिनं चुरा गाळून दिला. रहेमाननं पटाशी दोन दिवस चिंचेत ठेवली, घासली, तेल लावलं. धार मात्र त्यानं लावली नाही. होती तशी ठेवली, डावा कोपरा खाली असलेली. नवी बाभळीची मूठ बसवून ती गुलजारकडे दिली. तिनं ती ओढणीत गुंडाळून पेटीत, त्या पहिल्या तीन कार्डांवर ठेवली. पुढं तिच्यासाठी कुणी विचारणा केली नाही. ती कथड्यातच राहिली. थंडीत अडुळशाचा काढा ती स्वतः करून घ्यायची.

रहेमान बुधवारी बाजारात बसत राहिला. कलाबाई येत राहिली. पुढच्या होळीला तिनं एक कोयता आणला आणि पुंजारामकडे बघत म्हणाली, "सांगा, रहेमानभाई. किती पावसाळे?"

रहेमाननं कोयता हातात घेतला. अंगठ्याचं नख त्यानं कापून टाकलेलं होतं.

"गंज निघेल," तो म्हणाला. "बाकी काही दिसत नाही मला."

कलाबाईनं कोयता घासायला ठेवला. जाताना ती पुंजारामला हळूच म्हणाली, "डोळे गेले वाटतं बिचाऱ्याचे." आणि मग बाजारात सगळे तेच म्हणू लागले.