शेवंतीचे रिकामे मडके

प्रश्न असा होता : एखाद्या कुटुंबाने महिनाभर अन्नाचा कणही वाया घालवायचा नाही असे ठरवले, तर काय होते? कुंभकोणम्‌च्या एका शाळेत मी विज्ञान शिकवीत असे. त्यामुळे उत्तर मला आधीच ठाऊक होते. प्रयोग करायचा होता तो केवळ कावेरीची खात्री पटावी म्हणून. (कावेरी म्हणजे माझी पत्नी. नदीला कसलीही शंका नव्हती.)

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षे झाली होती, पण रेशनच्या तांदळातले खडे दातांना अजून आठवत होते. रोज सकाळी दाराशी ठेवलेल्या मडक्यात तांदळाचे धुवण, दोडक्याच्या शिरा, केळ्यांच्या साली पडत आणि माझा जीव कळवळे. ज्या मातीने आणि पाण्याने हे पिकवले, त्यांच्याशी केवढी ही कृतघ्नता!

“अगे, हे सगळे खाण्याजोगे आहे,” मी म्हणालो.

“म्हणून तर ठेवते. शेवंतीला.”

“ती जनावर आहे. तिला गवत आहे.”

कावेरीने मडक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. “बरं.”

मी नोंदवहीत लिहिले : संमती मिळाली.

शेवंती ही पोन्नम्मा गवळणीची तांबडी गाय. पोन्नम्मा तिला रोज आमच्या दारी आणी; शेवंती मडक्यात तोंड घाली आणि आमच्या डोळ्यांदेखत धार काढली जाई. ते दूध माझ्या वडिलांसाठी असे. अप्पा विषमज्वरातून नुकतेच उठले होते. पोटात दुसरे काही ठरत नव्हते. वैद्यांनी बजावले होते : एकाच गाईचे, ताजे, बिनपाण्याचे दूध, बाकी काही नको.

प्रयोग सुरू झाला. दोडक्याच्या शिरांची तोगयल झाली, म्हणजे आमच्याकडची जाडसर वाटलेली चटणी. कच्च्या केळ्यांच्या सालींची भाजी झाली. तांदळाच्या धुवणाचे रसम झाले. मग माझी नजर केळीच्या पानांवर गेली. जेवायचे आणि पान टाकून द्यायचे? बंद! पितळी ताटे निघाली. ती घासायला राख निघाली, मूठभर चिंच निघाली आणि विहिरीतून चार घागरी पाणी निघाले. (चिंच अन्नात मोडते खरी, पण ती नोंदवहीत कोणत्या रकान्यात लिहावी, हे न सुचल्यामुळे मी ती लिहिली नाही.)

एवढ्या यशावर मी थांबायला हवे होते. पण मी शिक्षक! आळीतल्या घरोघरी जाऊन सालींचे गुणधर्म समजावून आलो.

मडक्यात रोज कमी कमी पडत गेले आणि नवव्या सकाळी ते कोरडे ठणठणीत होते. शेवंतीने आत पाहिले. मग शांतपणे माझ्याकडे पाहिले. पोन्नम्माने कासेला हात लावला मात्र, एक लाथ बसली आणि चरवी रस्त्यात घरंगळत गेली!

“पान्हा चोरला, रायरे!” पोन्नम्मा ओरडली. (आम्हा मराठी लोकांना गावात ‘रायर’ म्हणतात. ती तमिळमध्ये बोलली. मी जमेल तेवढे सौम्य करून सांगतो आहे.) “धुवण कुठाय?”

“ते आम्ही प्यालो.”

“सालं?”

“खाल्ली.”

“आणि उष्टी पानं?”

“पानांवर जेवणेच बंद केले.”

“अय्यो! तुमची पानं पट्टीश्वरम्‌हून माझ्या भावाच्या बागेतून येतात. उष्टी पानं ही खाते. हिचं शेण त्याच केळींना जातं. तुम्ही मधेच कशाला येऊन बसलात?”

मी नोंदवही मिटली.

आतून क्षीण आवाज आला. “नारायणा, दूध आलं का?”

त्या आवाजात तक्रार नव्हती. अप्पांचे मनगट तेव्हा माझ्या दोन बोटांत मावत होते.

मी पातेले घेऊन शेजारच्या मंगळांबांच्या दारी धावलो. “जरा सालं मिळतील का?”

“सालं?” त्या अभिमानाने म्हणाल्या. “तुम्ही सांगितल्यापासून एक टाकत नाही हो, मास्तर! तोगयल देते, थांबा.”

दुसऱ्या दारीही तोगयल. तिसऱ्या दारी तोगयल आणि माझ्या कार्याची स्तुती! परत येऊन मी त्यातला एक गोळा शेवंतीपुढे धरला. तो हुंगून ती जोरात शिंकली आणि तिने मान फिरवली. आठ दिवस जे आम्ही मुकाट्याने गिळले, ते जनावराने एका श्वासात नाकारले.

कावेरी आत गेली. तिने भोपळ्याची साल चांगली जाड उतरवली, तांदूळ धुतले, सगळे मडक्यात ओतले. शेवंती प्यायली. पोन्नम्माने “कण्णु, कण्णु” असे लाडाने म्हणत तिची पाठ थोपटली आणि चरवीत पहिली धार वाजली. शाळा सुटल्याची घंटाही मला कधी इतकी गोड लागली नव्हती.

अप्पांनी पेला रिकामा केला. ओठ पुसत ते म्हणाले, “प्रयोगाचं काय झालं रे?”

“संपला, अप्पा.”

“मग आज तोगयल नाही ना? तो वास मला इथवर येतो.”

“आहे की,” कावेरी म्हणाली. “तीन घरची. वाया कशी घालवायची?” आणि तिने एकच पान मांडले. माझे.

निष्कर्ष : आमच्या घरात पूर्वी काहीही वाया जात नव्हते. प्रयोगाच्या काळात मात्र पुष्कळ पाणी, बरीच चिंच आणि एक विज्ञानशिक्षक एवढे वाया गेले. वाचकांनी माझ्या शब्दावर विसंबू नये. आपल्या घरची साल शेवटी कोणाच्या तोंडी पडते, हे एकदा तिच्या मागोमाग जाऊन स्वतः पाहावे.