पाचापैकी तीन

हेलसे बेटावर कुणी कुणाचं कौतुक करत नाही. मनात करतात, भरपूर करतात. पण ते तोंडावाटे बाहेर पडलं की ज्याचं केलं तो बिघडतो आणि ज्यानं केलं तो लबाड ठरतो, अशी आमची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. चांगल्या माणसाला आम्ही 'बरा आहे' म्हणतो, चांगल्या गायीला 'बरी आहे', आणि ज्या वर्षी गवत छातीपर्यंत वाढतं त्या वर्षाला 'याहून वाईट वर्षं पाहिलीत'. याच्या वरचा शब्द आमच्याकडे नाही. तो कुणाला लागलाही नाही.

थोरा ड्रेव्हर या बाबतीत बेटावरसुद्धा जरा कडकच समजली जायची. वय अठ्ठावन्न. बेटाच्या शाळेत तीस वर्षं स्वयंपाकीण. झाडलोट तिचीच, बॉयलर तिचाच, सकाळी मुलांना गोळा करणारी गाडी चालवायची तीही तीच. थोडक्यात, शिकवणं सोडून शाळेतलं सगळं ती करायची, आणि शिकवण्याबद्दलही तिची मतं होती. तिचा नवरा मॅग्नस बोटी बांधायचा. त्यानं बांधलेली शेवटची बोट बघायला आजूबाजूच्या तीन बेटांवरून लोक आले होते. ती पाण्यात उतरली तेव्हा थोरानं धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन तिला निरखलं आणि म्हणाली, "तरंगते." मॅग्नस आठवडाभर खुशीत होता. त्याला जाऊन आता आठ वर्षं झाली.

शाळेत मुलं सात. शिक्षिका एक, आणि तीच मुख्याध्यापिका. जुन्या इस्बिस्टरबाई नाताळात निवृत्त होऊन बहिणीकडे दक्षिणेला गेल्या आणि तेव्हापासून शाळेला धनी उरला नाही. दर दोन आठवड्यांनी नवा तात्पुरता मास्तर विमानानं यायचा आणि मुलांची नावं पाठ होतात न होतात तोच परत जायचा. शिक्षण खात्यानं मुख्याध्यापकाच्या जागेची जाहिरात दोनदा दिली. पहिल्या वेळी तिघांनी अर्ज केले आणि नकाशा बघून तिघांनी मागे घेतले. दुसऱ्या वेळी एक गृहस्थ खरोखर आले. फेरीबोटीतून त्यांनी बेट पाहिलं आणि त्याच बोटीनं परत गेले. त्यांचा पाय धक्क्याला लागला की नाही, याबद्दल अजून दोन मतं आहेत.

तिसऱ्या जाहिरातीबरोबर खात्याचं पत्र आलं. या वेळी माणूस मिळाला नाही तर ऑगस्टपासून शाळा तूर्त बंद. मुलांनी सोमवारी बोटीनं मोठ्या बेटावर जायचं, तिथल्या वसतिगृहात राहायचं आणि शुक्रवारी परत यायचं. 'तूर्त' म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. आमची पोस्टाची कचेरी तीस वर्षांपूर्वी तूर्त बंद झाली, आता तिच्यात सिगुर्ड फ्लेटच्या मेंढ्या असतात.

त्या सात मुलांपैकी दोन थोराच्या नाती. इंगा नऊ वर्षांची, टोरी सहाची. थोराचा मुलगा एर्लंड पत्र वाचून म्हणाला, "सहा वर्षांची पोर पाच दिवस परक्या ठिकाणी ठेवायची नाही. शाळा गेली तर आम्हीही जाणार, आई." त्यानं आणि त्याची बायको कर्स्टन हिनं मोठ्या बेटावरचं एक घरही हेरून ठेवलं होतं. थोरा काही बोलली नाही. वाळत घातलेले कपडे काढायला म्हणून बाहेर गेली आणि सगळे कपडे काढून झाल्यावरही बराच वेळ दोरीपाशीच उभी राहिली. शेजारचं एर्लंडचं घर रिकामं, अंगणात सायकली नाहीत, असं ती डोळ्यांपुढे आणायची आणि मग घाईनं काहीतरी घासायला घ्यायची.

जूनमध्ये मुलाखतींचा दिवस ठरला. निवड समितीत तिघं. पालकसभेच्या वतीनं थोरा आणि सिगुर्ड फ्लेट. हा धक्क्यावर फेरीचे दोर धरतो, आणि पालकसभेचा अध्यक्षही आहे, कारण निवडणुकीच्या बैठकीला तोच एकटा गैरहजर होता. खात्याच्या वतीनं लोर्ना हॅलिबर्टन, मूळच्या एडिंबराच्या. बाई मनानं चांगल्या, पण त्यांना सगळंच अप्रतिम वाटायचं. धक्का अप्रतिम, चहा अप्रतिम, सिगुर्डचा कुत्रा अप्रतिम. कुत्रासुद्धा जरा बिचकला.

उमेदवार दोन. पहिले प्रेंटिस नावाचे गृहस्थ. त्यांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली आणि अर्ध्या तासात 'समाज' हा शब्द एकतीस वेळा उच्चारला. सिगुर्ड मोजत होता. जेवताना सूपचा एक चमचा घेऊन ते "अप्रतिम" म्हणाले आणि उरलेलं तसंच ठेवलं.

दुसरी रोना गिलफेदर, मदरवेल शहरातली, पंचेचाळिशीची, जाड बुटांतली. तिला एक तास शिकवून दाखवायचं होतं. परका माणूस दिसला की टेबलाखाली शिरायचं आणि तो जाईपर्यंत बाहेर यायचं नाही, हा टोरीचा नाताळपासूनचा शिरस्ता. टोरी टेबलाखाली गेली. रोनानं तिला चुचकारलं नाही, बाहेर ये म्हटलं नाही. उरलेल्या सहा जणांना शिकवता शिकवता ती त्या टेबलापाशी जमिनीवर बसली आणि गणिताचा एक कागद हळूच खाली सरकवला. थोड्या वेळानं कागद भरून परत आला. तिनं एक बेरीज दुरुस्त करून तो पुन्हा खाली दिला. असे चार कागद गेले आणि चार आले. थोरा हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती आणि बटाट्याच्या सालींबरोबर अर्धा बटाटाही सोलून टाकत होती.

जेवताना रोनानं दोन वाडगे सूप प्यायलं, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही, आणि उठून भांडी पुसायला घेतली.

"शाळा सुटल्यावर ही जागा कोण वापरतं?" तिनं विचारलं.

"कुणी नाही."

"का?"

"कुणी विचारलं नाही," थोरा म्हणाली.

"म्हटलं, गुरुवारी बेटावरच्या म्हाताऱ्या माणसांना मुलांबरोबर इथंच जेवायला बोलावलं तर? एकटी राहणारी असतीलच की कुणी. तुम्हाला जास्तीचा त्रास होईल, ते आहेच."

एकटी राहणारी तिघं होती. गेली पंधरा वर्षं दर गुरुवारी थोरा उरलेलं सूप डब्यात घालून त्या तिघांच्या दारी नेऊन देत होती, आणि ही माणसं इथं येऊन जेवतील तर किती बरं, असं पंधरा वर्षं तिच्या मनात होतं. इस्बिस्टरबाईंना तिनं ते कधी सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलं नव्हतं.

"बघू," ती म्हणाली.

तीन वाजता समिती मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर बसली. लोर्नाबाईंनी एकेक तक्ता वाटला. आठ रकाने, प्रत्येकात एक ते पाच गुण. थोरानं प्रेंटिससाहेबांना सगळीकडे एक दिला, शर्टाला इस्त्री होती म्हणून एका जागी दोन. मग रोनाचा तक्ता ओढला आणि वरपासून खालपर्यंत आठही रकान्यांत तीन लिहिले. एका परक्या बाईला आठच्या आठ ठिकाणी तीन. आपण फारच वाहवत तर जात नाही ना, असं तिला वाटून गेलं. पाच तर माणसाला द्यायचे नसतातच, आणि चार गुणांचा माणूस तिला अजून भेटायचा होता. मॅग्नस साडेतीन होता.

सिगुर्डनं सहा रकान्यांत तीन दिले आणि दोनांत दोन, उगीच वशिला वाटू नये म्हणून.

लोर्नाबाईंनी बेरजा केल्या, पुन्हा केल्या आणि चष्मा काढला. "दोघंही नापास," त्या म्हणाल्या. "प्रत्येक सदस्याकडून चाळीसपैकी निदान अठ्ठावीस हवेत. मला फार वाईट वाटतंय. म्हणजे जागा रिकामीच राहिली, असं कळवावं लागेल."

थोरा हातांकडे बघत बसली. एर्लंडच्या घरासमोर सामानाची गाडी उभी आहे असं तिला स्पष्ट दिसलं. पण शहरातून आलेल्या अधिकारी बाईशी वाद घालायचा नाही, हेही आमच्याकडे ठरलेलं आहे. दोघं मूग गिळून बसली. लोर्नाबाई लॅपटॉपवर पत्र लिहायला लागल्या. पहिला परिच्छेद झालासुद्धा.

शेवटी सिगुर्ड खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुम्हाला पटली नाही म्हणायची ती."

लोर्नाबाईंचे हात थांबले. "मला? मी तिला सदतीस दिलेत. तुम्हा दोघांना ती पटली नाही. मिसेस ड्रेव्हर, तुम्ही तर सरसकट तीन दिलेत."

"मग?" थोरा म्हणाली. "तीन दिलेत की."

"तीन म्हणजे जेमतेम."

"जेमतेम कसं? तीन म्हणजे बरी आहे."

"तेच म्हणतेय मी. बरी आहे म्हणजे काही खास नाही."

थोरा आणि सिगुर्ड एकमेकांकडे बघायला लागले. हे बाईंना कुठून समजावायला सुरुवात करावी तेच दोघांना कळेना.

"बाई," सिगुर्ड अखेर म्हणाला, "हिनं माझ्या लग्नातल्या जेवणाला दोन दिले असते. आणि ते हिनंच केलं होतं."

लोर्नाबाईंनी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि लॅपटॉप मिटला. "गुण बदलता येतात," त्या सावकाश म्हणाल्या. "पण प्रत्येक रकान्यासाठी कारण सांगावं लागेल. तोंडी, माझ्यासमोर. मी ते इतिवृत्तात लिहीन, आणि उमेदवाराला ते वाचायचा हक्क आहे."

सिगुर्ड ताडकन उठला. "फेरीची वेळ झाली. माझे सगळे पाच लिहा. कारण थोरा सांगेल तेच." आणि फेरीला अजून तास असताना तो गेला.

थोरा एकटी उरली. तिचा चेहरा मानेपासून वर तांबडा होत गेला. "मीच लिहून दिलं तर?"

"तोंडी," लोर्नाबाई म्हणाल्या. बाई वाटल्या होत्या तितक्या मऊ नव्हत्या.

"पहिला रकाना कुठला?"

"मुलांशी नातं."

"पाच." ती थांबली. "माझी नात नाताळपासून दहा मास्तरांना टेबलाखालून भेटली. एकानं पाय धरून ओढली, एकानं चॉकलेट दाखवलं. ही बाई खाली बसली. कुणी खाली बसेल असं माझ्यासुद्धा डोक्यात आलं नव्हतं. लिहिलंत?"

"लिहिलं. शिकवण्याची पद्धत?"

"पाच. पोरीच्या चार कागदांत एकच बेरीज चुकली. हिनं बरोबर ती एकच दाखवली, बाकीच्याचं अवडंबर केलं नाही."

"समाजाशी संबंध?"

इथं थोरानं तक्ता बाजूला सरकवला. मग बोलायला लागली आणि तिचं तिलाच आवरेना. गुरुवारचे डबे, ते तिघं, त्यांतल्या जेसी रेंडलला डबा नको असतो, दारात दहा मिनिटं कुणी उभं राहायला हवं असतं; आणि दहा मिनिटं उभं राहायला आपल्याला वेळ नसतो, त्याची लाज वाटते; आणि आज सकाळीच उतरलेल्या बाईनं भांडी पुसता पुसता नेमकं तेच विचारलं. "मला ती हवी आहे," थोरा म्हणाली. "हे कुठल्या रकान्यात बसतं ते तुम्ही बघा. मला ती इथं हवी आहे." लोर्नाबाई मान खाली घालून भराभर टाइप करत होत्या. आठ रकाने संपायला पाऊण तास लागला आणि शेवटी थोराला ब्लाउजची बटणं उघडी राहून बाजारात फिरून आल्यासारखं वाटत होतं.

शेजारच्या खोलीतून रोनाला बोलावलं. नोकरी हवी का विचारलं. तिनं हो म्हटलं.

"मधली भिंत पुठ्ठ्याची आहे," रोना थोराकडे न बघता म्हणाली. "मी कानांवर हात ठेवले होते. पण फार वेळ नाही ठेवले."

"भिंतीचं बघायला हवं," थोरा म्हणाली. "पहिल्या महिन्यातच बघा."

साडेपाचला ती घरी पोचली तेव्हा शेजारी एर्लंड आपल्या कुंपणाच्या खांबाला खिळे ठोकत होता.

"मिळाली मुख्याध्यापिका," ती म्हणाली.

"बरं झालं." त्यानं पुढचा खिळा तोंडातून काढला. "शनिवारी ते घर मात्र बघून येतो आम्ही."

"शाळा राहिली ना आता?"

"राहिली. पण कर्स्टन म्हणते, 'तुझ्या आईला आपण गेलेलंच बरं वाटतंय.'" तो खांबाकडेच बघत बोलत होता. "पत्र आलं तेव्हा तू एक अक्षर बोलली नाहीस. उठून कपडे काढायला गेलीस. एवढे महिने घरात बोलणं चाललंय जायचं, तू एकदाही राहा म्हणाली नाहीस, आई. मग आम्हीही नाही विचारलं."

थोरानं हातातली पिशवी खाली ठेवली. "तुम्ही गेलात तर मी काही मरणार नाही," ती म्हणाली. "जगेन. पण मला तसं जगायचं नाही. तुम्ही मला इथं हवे आहात. चौघंही. कर्स्टनसुद्धा. ती घरात आल्यापासून मला घरात माणूस आहे असं वाटतं."

एर्लंडनं हातोडा खाली ठेवला.

"हे तिला सांगशील?"

"आत्ता?"

"आत्ताच. मी जाऊन सांगितलं तर तिचा विश्वास बसायचा नाही."

थोरानं एर्लंडच्या दारातल्या पायपुसण्यावर दोन्ही बूट नीट पुसले आणि ती आत गेली.