पहिला कुणाचा

माणसाने हेवा कुणाचा करावा याला काही धरबंध असावा. शेजाऱ्याच्या विहिरीचा करावा, भावाच्या पोराला लागलेल्या नोकरीचा करावा. मी सहा महिने स्वतःच्या बायकोच्या भट्टीचा हेवा केला. वयाची पंचावन्न वर्षं उलटल्यावर केला, हेही सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी शोधून काढायला नको.

जागा मीच दिली होती. कासार आंबोलीत आमच्या घराला लागून, रस्त्याच्या अंगाला, गोठा होता. म्हशी विकल्यापासून तो रिकामाच पडलेला. मागच्या बंगल्यात राहायला आलेल्या इटालियन गृहस्थाने तो भाड्याने मागितला. इटालियन म्हणायचं ते रक्ताने. त्याचे आजी-आजोबा नेपल्सकडच्या एका खेड्यातून बोटीत बसून अर्जेंटिनाला गेले. तिथे बंदराच्या गावात आजीने गल्लीपुरती लाकडाची भट्टी घातली आणि त्यावर घर चालवलं. हा नातू तिथेच जन्मला, यंत्रं बसवायच्या कामासाठी पुण्यात आला, पुण्यातल्याच मुलीशी लग्न करून राहिला. आता निवृत्त झाल्यावर त्याला आजीसारखी भट्टी घालायची होती. मला वाटलं, म्हातारपणची हौस आहे, पावसाळा येईपर्यंत टिकेल. मी हो म्हटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्याचं मराठी सासूकडून शिकलेलं, अस्सल पेठेतलं होतं. गुडघाभर कचऱ्यात उभा राहूनसुद्धा तो ‘आपण बसावं’ म्हणायचा. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या बायकोला हात जोडून विचारलं, “वहिनी, आपण कशा आहात?” तिला जन्मात कुणी आपण म्हटलं नव्हतं. ती पदर तोंडाला लावून आत पळाली आणि संध्याकाळपर्यंत भांडी घासताना मधेच हसत होती. माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते त्या दिवशी.

भट्टी त्याने स्वतःच्या हाताने बांधली. विटांचा आणि मातीचा घुमट, पुढे तोंड, वर धुराडं. पण पेटवायला आणली ओली बाभूळ. तीन दिवस आमच्या घरात नुसता धूर. डोळे चोळत मी त्याला शिव्या घालत होतो, अर्थात घरात बसून. चौथ्या दिवशी बायको पदर खोचून गेली. लाकूड ओलं आहे, ते कोंबून भरलंय, आणि भट्टी तापायच्या आधीच तुम्ही घाई करता, असं तिने त्याला तोंडावर सांगितलं. अर्धी लाकडं ओढून बाहेर काढली, आमच्याकडची आंब्याची सुकी ढलपी आणि दोन गोवऱ्या घातल्या आणि तासभर कुणाला हात लावू दिला नाही. आतला काळा पडलेला घुमट हळूहळू पांढरा झाला. तो बिचारा टोपी काढून बघत राहिला. दुसऱ्या दिवशी विचारायला आला की वहिनी भट्टी सांभाळतील का. तिने माझ्याकडे पाहिलं.

“जा की,” मी म्हणालो. “तेवढाच धूर कमी होईल.”

आठवड्यात परत येईल असा माझा हिशेब होता. ती तीन दिवसांत पीठ हातावर फिरवायला शिकली. आयुष्यभर भाकरी थापलेल्या हाताला आंबवलेल्या मैद्याचा गोळा म्हणजे काय जड? लांब दांड्याच्या लाकडी उलथण्याने ती पिझ्झा आत सरकवायची, दोनदा फिरवायची आणि बाहेर काढायची. घड्याळ बघायची नाही. ते तिने घरीही कधी बघितलं नव्हतं.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी शाळेत मराठी शिकवतो. वहीवर ‘छान’ लिहायला माझा हात जड. फार झालं तर ‘ठीक’. घरातही तोच कारभार. गॅस आला तरी भाकरी मागच्या अंगणातल्या चुलीवरच व्हायची, आणि सव्वीस वर्षं तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात पडत आली. टम्म फुगलेली, वाफ निघणारी. मी पहिला घास घ्यायचो आणि म्हणायचो, “मीठ बघ.” कधी मीठ खरंच कमी असायचं. बहुतेकदा नसायचं. काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हणायचो.

भट्टी सुरू झाली त्या दिवशी त्याने गावातल्या सगळ्यांना बोलावलं. भिंतीवर आजीचा मोठा फोटो लावला होता. काळा रुमाल डोक्यावर बांधलेली, हात पिठाने भरलेले, कपाळाला आठी. पौडच्या बाजारात बसली असती तर कुणी वळून पाहिलं नसतं. तो आजीचे नियम सांगायला लागला. भट्टीतून निघणारा पहिला पिझ्झा विकायचा नाही, हा पहिला नियम. मग मधेच थांबून तो म्हणाला की माझी आजी मला पुन्हा भेटली ती या वहिनींच्या हातांत, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या दोन विद्यार्थ्यांनीही वाजवल्या. मी उठून घरी आलो. उरलेले नियम ऐकायला थांबलो नाही, आणि हीच माझी चूक झाली.

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, पण आमच्या गोठ्यात विकायला लागलं. शनिवारी भूगावच्या फ्लॅटमधली माणसं गाड्या घेऊन यायची आणि भट्टीपुढे उभी राहून तिचे फोटो काढायची. एका मुलीने विचारलं, काकू, किती वर्षांचा अनुभव? बायकोने ‘सव्वीस’ सांगितलं. एकदा मी दूध घेऊन परत येताना एका गाडीवाल्याने काच खाली केली आणि विचारलं, “तुम्ही पिझ्झावाल्या काकूंचे मिस्टर ना?” तीस वर्षं या रस्त्यावर मला सगळे मास्तर म्हणत होते. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी मी त्याला गाडी कुठे लावायची ते दाखवलं.

खरा काटा रुतला तो डेअरीवर. दूध घालायला आलेला एक जण म्हणाला, “मास्तर, तुमची मजा हाय. पयला पिझ्झा रोज तुमालाच मिळत आसंल.”

मी विचारलं, मलाच कशाला?

“त्यो इकत न्हाईत ना. कुनाला द्यायचा ते वहिनीच ठरिवत्यात म्हनं.”

मिळतो की, असं म्हणून मी निघालो. मला तो कधीच मिळाला नव्हता. माझ्या वाट्याला यायचा तो शेवटचा, कागदात गुंडाळलेला, घरी येईपर्यंत गार होऊन चिवट झालेला. तो मी मुकाट्याने चावायचो.

मग मी डोकं चालवलं. ती गावातल्या कुणाला देत असती तर ते डेअरीवर कळलंच असतं. तो इटालियन? त्याला डॉक्टरने मैदा बंद केला होता, हे त्याच्या बायकोनेच आम्हाला सांगितलं होतं. उरला एकच. लाकूडवाला.

हा लाकूडवाला माले गावचा. आठवड्यातून तीनदा संध्याकाळी टेम्पो घेऊन यायचा, सुकी बाभूळ आणि आंबा उतरवायचा. आणि हाच माणूस माझ्याआधी तिला बघायला गेलेला. पत्रिका जुळली नाही म्हणून ते स्थळ मोडलं. त्या दिवशी त्याने पोहे दोनदा मागून घेतले आणि चांगले झालेत म्हणाला, एवढं तिने मला लग्नानंतर एकदा सहज सांगितलं होतं. मी ते विसरलो नाही. आता तो केस काळे करून, इस्त्रीचा शर्ट घालून लाकडं टाकायला यायचा. बाभळीच्या काट्यांत इस्त्रीचा शर्ट कोण घालतं?

एकदा ताटावर बसल्यावर मी तिला विचारलं, पहिला पिझ्झा कुणाला देतेस.

“हाय एक जन,” ती म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

त्यानंतर मला शाळेत फळ्यावर तारीखसुद्धा नीट लिहिता येईना. वही तपासताना मनात लाकडं उतरत होती. तिला काही विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं तर मी जळतोय हे कळलं असतं. आणि मी जळत होतो. त्या माणसाने पोहे चांगले म्हटले होते. मी नव्हतं म्हटलं, कधीच, कशालाच.

शेवटी एका गुरुवारी शाळेतून लवकर निघालो आणि साडेपाचला गोठ्याच्या मागे, लाकडाच्या राशीआड उभा राहिलो. माझ्याच जागेत मी चोरासारखा उभा, आणि वर शिंक येत होती. तिथून आतलं सगळं दिसत होतं. भट्टी तापलेली होती. टेम्पो आला. लाकूडवाल्याने लाकडं उतरवली, शर्ट झटकला आणि आत जाऊन भट्टीपासून चार हातांवर उभा राहिला. इटालियन टेबलं पुसत होता. बायकोने एक गोळा घेतला, थापला, पसरला. त्यावर चीज नाही, टोमॅटो नाही. लसणाची कोरडी चटणी भुरभुरली, तेलाची धार सोडली आणि आत सरकवला. बाहेर काढला तेव्हा कडा फुगून काळे डाग पडले होते आणि लसणाचा वास माझ्यापर्यंत आला. तिने तो ताटलीत घेतला आणि वळली. लाकूडवाला तिकडेच होता.

मी राशीआडून बाहेर आलो. दोन ओंडके घरंगळले, त्यामुळे सगळ्यांनी पाहिलं.

बायको मात्र लाकूडवाल्याच्या पुढून निघून गेली. भिंतीशी आजीच्या फोटोखाली एक स्टूल होतं. त्यावर बसली, पिझ्झा मधोमध दुमडला आणि खायला लागली. फुंकर मारून, बोटं भाजत, मोठे मोठे घास. लाकूडवाला उतरवलेल्या मालाच्या चिठ्ठीवर इटालियनची सही घेऊन गेला. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

मी तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. काहीतरी बोलणं भाग होतं. “पयला कुनाचा ते बघाया आलोय,” मी म्हणालो.

तिने तोंडातला घास संपवला. “चूल जो पेटवील त्याचा. ह्यांच्या आजीचा नियम हाय. तुमी त्या दिवशी उठून गेला, न्हाईतर ऐकला आसता.”

मी पुढे आणखी काही विचारणार होतो.

“गरम हाय तवर खाऊ द्या मला,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तर मी भांडलो असतो. तो नव्हता. ती पुन्हा खायला लागली, आणि मी तिथे उभा राहून बघत होतो. माझी बायको गरम खाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. घरी ती मला वाढायची, मग सगळ्या भाकऱ्या करायची, मग चूल विझवायची आणि मग दुरडीतली गार भाकरी घेऊन बसायची. तोपर्यंत मी बाहेर ओट्यावर पेपर वाचत असायचो. तिला लसणाची चटणी आणि वर कच्चं तेल आवडतं, हे मला ठाऊक नव्हतं. त्या परक्या इटालियन माणसाला होतं. चटणीची बरणी त्याने भट्टीजवळ तिच्या हाताला येईल अशी ठेवली होती. लाकूडवाल्यावरची माझी सगळी जळजळ तिथल्या तिथे त्या बरणीवर गेली.

सोमवारी भट्टी बंद असते. त्या सोमवारी मी तिच्या आधी उठलो आणि अंगणातली चूल पेटवली. म्हणजे पेटवायला बसलो. धूर एवढा झाला की ती खोकत बाहेर आली, दोन लाकडं ओढून घेतली, एक आडवं घातलं आणि परातीत पीठ घेतलं. मी ताट घेऊन तिच्या शेजारी बसलो. लसणाची चटणी आधीच कुटून ठेवली होती, जरा जाडीच झाली होती. तेलाची बाटली आणली होती. मनात सगळं ठरवलं होतं.

पहिली भाकरी फुगली. मी ताट तिच्यापुढे सरकवलं आणि ही तू घे म्हणालो.

तिने चटणीकडे पाहिलं, तेलाकडे पाहिलं. मग भाकरी उचलली आणि ताट माझ्याकडे सरकवून त्यात टाकली.

“पेटवली तुमी. तुमची.”

नियम म्हणजे नियम. मी पहिला घास घेतला. ती दुसरी भाकरी थापत होती, आणि सवयीने माझ्या बोलण्याची वाट बघत तिचा हात जरासा थांबला.

“मीठ बरोबर हाय,” मी म्हणालो. “चांगली झालीये.”

“ठाऊक हाय मला,” ती म्हणाली. दुसरी भाकरी तव्यावरून उतरल्यावर तिने ती स्वतःच्या ताटात घेतली, तवा रिकामा तापत ठेवला आणि माझ्या चटणीतले लसणाचे जाडे तुकडे वेचून बाजूला काढत, गरम गरम खायला बसली.