कप्तानाचा पाय मोडण्याआधी

आमच्या डिचोलीकडच्या गावात जत्रेला देवळाच्या मांडावर नाटक होतं आणि ते पौराणिक नाहीतर ऐतिहासिक असतं. हा रिवाज मोडला तो मी. वीसेक वर्षांपूर्वी मी गावाला अंतराळयानाचं नाटक लिहून दिलं. पणजीच्या एका सरकारी कचेरीत मी कारकून. जाता-येता बसमध्ये बसून लिहायचो. पहिल्या अंकात यान मध्येच का थांबतं, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. तेव्हा बस थांबली होती, एवढंच.

यानाचा कप्तान माझा काका, वडिलांचा धाकटा भाऊ. आमोण्याहून खनिज वाहणाऱ्या बार्जवर त्याची सगळी नोकरी गेली. तिथल्याच अपघातात डावा पाय गेला, म्हणजे आहे, पण ओढत न्यावा लागतो. यानाचा संगणक मी. फ्रिजच्या खोक्यात बसून, बाहेर गणपतीच्या दिव्यांची माळ लावून, आतून खर्जात बोलायचो.

पहिल्याच प्रयोगाला काका पाय ओढत मांडावर आला आणि मागून कोणीतरी ओरडलं, "कप्तान लंगडो रे!"

काका थांबला. घरी आम्ही कोंकणीत बोलतो, पण नाटक मराठीत, आणि मांडावर चढला की काकाची मराठी एकदम करकरीत होते. म्हणाला, "हा पाय मी पहिल्या सफरीत ठेवून आलोय. पुढे बोला."

हे वाक्य माझ्या वहीत नव्हतं. टाळ्या मात्र त्यालाच सगळ्यात जास्त पडल्या. दुसऱ्या दिवशी लोक मला विचारू लागले, पहिल्या सफरीत काय झालं? मी सगळं ठाऊक असल्यासारखा गूढ हसलो. मला काहीएक ठाऊक नव्हतं. पुढे आणखी दोन नाटकं लिहिली, दोन्ही नंतरच्या सफरींची. तो पाय मी शिताफीने टाळत आलो.

गेल्या वर्षी गावाने ठरवलं की आता पहिली सफरच दाखवायची. बसवणार माझी मुलगी. ती घरी बसून कुठल्याशा कंपनीचं संगणकाचं काम करते आणि माझ्या खोक्याकडे बघून तिला हसू आवरत नाही. तिने जुन्या तिन्ही वह्या वाचल्या आणि यादी काढली.

"बाबा, पहिल्या नाटकात कप्तान म्हणतो, आधीच्या यानात सगळं नवंकोरं होतं. म्हणजे तुमच्या खोक्यापेक्षा बरं. आणि आपण दाखवणार त्याच्या आधीची गोष्ट. मग आधीचं यान जुनं दिसायला हवं की नवं?"

"जुनं. आधीचं ते जुनं."

"आणि समोरच्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. खोक्याहून जुनं काय दाखवणार? पाटी-पेन्सिल?"

मी म्हटलं, लोकांना कुठे एवढं आठवतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराने सायकल टेकवली, माझ्या हातात चार उंडे ठेवले आणि विचारलं, "दुसऱ्या नाटकात कप्तानाची आवय मेल्ली. तिसऱ्यात तो तिका पत्र कसो बरयता?" मेलेल्या आईला पत्र! त्या घटकेला मला कळलं की मी गावाच्या हातात सापडलोय.

पण यानापेक्षा मोठी अडचण काकाची होती. पहिल्या सफरीतला कप्तान पंचविशीचा. काका सत्तरीचा. आमच्याकडे एकदा भूमिका एखाद्या घराकडे गेली की ती पालखीच्या मानासारखी तिथेच राहते, आणि काकाने तर दाढीही वाढवायला घेतली होती. मुलीच्या डोक्यात माझा भाचा होता, बावीस वर्षांचा, उंच, सडसडीत. हे काकाला सांगायचं कोणी? मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे, आणि भाच्याने छताकडे.

शेवटी देवावर सोपवायचं ठरलं. दरवर्षी नाटकाआधी देवाच्या मूर्तीवर दोन्ही बाजूंना फुलांच्या ओल्या पाकळ्या लावतात. गुरव गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली की हो, डावी पडली की नाही. प्रश्न एकच विचारायचा असतो, हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. मी मात्र कचेरीच्या सवयीने मुद्द्यांची टिप्पणी करून गुरवाच्या हातात दिली. मुद्दा एक, जुना मान. मुद्दा दोन, नवं सामान आणि नवे नट. गुरवाने कागद दूरवर धरून वाचला, डोळे मिटले आणि सगळं एका दमात सांगितलं:

"बा देवा म्हाराजा! तुजीं लेकरां तुज्या मांडार आकाशयान उडवंक बघतत! जुनां आसा तसां ऱ्हांव दी, कोणाचो मान कोणी काडूं नाकात, नि नवां काय ता येंव दी! ह्यां तुका मान्य आसात तर उजवी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

उजवी पडली. तीही लगेच, देवाला जणू कुठेतरी जायचं होतं.

बाहेर पडता पडता काका म्हणाला, "जुनां म्हटल्यार हांव. कप्तान हांवच."

"आजो, नवां येंव दी म्हणूनय सांगलां देवान," मुलगी म्हणाली.

"येंव दी गो. माका काय. हांव कप्तान, नवो कोणय येंव दी."

दोन मुद्दे एकाच कागदावर लिहिल्याबद्दल त्या दिवशी घरात मला चहासुद्धा मागून घ्यावा लागला.

यानाचा तिढा मुलीने दोन दिवसांत सोडवला. म्हणाली, पहिलं यान चकचकीतच दाखवू. मोठा पडदा, बोलणारी यंत्रं, सगळं. शेवटच्या अंकात अपघात होतो, ते सगळं जळतं, आणि उरल्यासुरल्यातून जे जोडतात ते तुमचं खोकं. म्हणजे नवं आधी आणि जुनं मागाहून. मी थक्क झालो. वीस वर्षं मी ज्या खोक्याची लाज बाळगली, ते आता मोडक्या यानाची शेवटची आशा झालं होतं. आणि कप्तानाचा पायही त्याच अपघातात.

तालमी सुरू झाल्या. देवाचा शब्द, म्हणून कप्तान काका. रविवारी दुपारी देवळाच्या सभागृहात पहिला प्रवेश लावला. तरणा कप्तान यानाच्या शिडीकडे ताडताड चालत जातो, एवढाच. पाय अजून धड आहे, म्हणून लंगडायचं नाही.

काकाने दाढी कुरवाळली आणि निघाला. दोन पावलं सरळ टाकली. तिसऱ्याला ओठ आवळले. चौथ्याला त्याने खांब धरला. मुलगी पुढे व्हायला गेली, त्याने हातानेच थांबवलं. तो आपल्या पायाकडे बघत राहिला, अनोळखी माणसाकडे बघावं तसा.

"आदलो पाय माज्याकडे ना रे," तो म्हणाला. मग डोक्यावरची टोपी काढून भाच्याकडे फेकली. "घे. तुज्याकडे आसा."

मुलगी म्हणाली, "आणि जुन्याचा मान?"

"मान गेलो खंय? ह्या झिलाक लंगडूंक कोण शिकयतलो? तुजो बापूस?"

इतक्या वर्षांत मी त्याला कधी न विचारलेलं त्या दिवशी विचारलं. काका, नेमकं काय झालं होतं? लाज वाटली विचारताना. तीन नाटकं त्या पायावर उभी केली आणि पायाची चौकशी केली नव्हती.

तो बाकावर बसला. आमोण्याला बार्ज धक्क्याला लागत होती, दोर त्याच्या हातात. बार्ज सरकली. दोर सोडायला हवा होता, पण पलीकडच्या टोकाला दोर धरून धक्क्यावर चढणारा दुसरा खलाशी अजून मोकळा झाला नव्हता. "सोडलो आसतो जाल्यार तो उदकांत. सोडलो ना. पाय मदीं सापडलो." एवढंच. तो खलाशी पुढे सिंधुदुर्गाकडे आपल्या गावी गेला, पुन्हा भेटला नाही.

शेवटचा अंक मी पुन्हा लिहिला. बस थांबली तरी यान थांबू दिलं नाही. कप्तानाच्या हातात यानाची दोरी, पलीकडे त्याचा सोबती, आणि कप्तान ती सोडत नाही.

जत्रेला पालखी देवळात गेली आणि पडदा उघडला. काका पहिल्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीत. त्याने यानाचं नाटक समोरून कधी पाहिलंच नव्हतं, पाहणार कसं, तो आतच असायचा. मी विंगेतून नाटकाऐवजी त्यालाच बघत होतो. यानातला मोठा पडदा उजळला तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं. अपघाताच्या वेळी खुर्चीचे दांडे दोन्ही हातांनी धरले. धूर विरला, भाचा उठला आणि लंगडत पुढे आला.

"डावो रे, डावो!" काका खुर्चीतून उठून गरजला. "उजवो न्हंय!"

भाचा जागच्या जागी थांबला. मग त्याने टाचा जुळवल्या, पहिल्या रांगेकडे बघून सलाम ठोकला, म्हणाला, "होय, कप्तान," आणि पाय बदलला.

टाळ्या किती वेळ चालल्या ते मी सांगत नाही, तुम्हाला वाटेल वाढवून सांगतोय. काका उभाच होता. त्या टाळ्या कुणासाठी आहेत याचा अंदाज घेत त्याने आधी मागे वळून पाहिलं, आणि मग हात जोडले.

नाटक संपल्यावर मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. विचारलं, "कसां जालां?"

"झिलान बरां केलां," तो म्हणाला. "पूण दोर असो धरिनात. फाल्यां सकाळीं तेका घरा धाड."