मिरजेहून आणलेली कॉफी

सेलमच्या स्टेशनवर आम्हाला निरोप द्यायला अर्धी गल्ली आली होती. लग्न गावाकडे, वडूजच्या पुढे आमचं गाव आहे तिथे, मे महिन्यात व्हायचं होतं. आमच्यातली सगळीच लग्नं तशी होतात. लग्न उरकून बाकीचे सेलमला परत येणार होते, मी तेवढी येणार नव्हते. शेजारच्या कमलाक्काने माझ्या केसांत हातभर लांब गजरा माळला आणि पुन्हापुन्हा तो नीट करत राहिली. आईने पितळी कॉफी फिल्टर जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून माझ्या ट्रंकेत ठेवला होता. आबा, म्हणजे माझे वडील, सामान डब्यात चढवत होते. मला रडताना बघून ते म्हणाले, "रडायला काय झालं? परक्या मुलखात न्हाई चालली तू. आपल्या घरी चाललीस."

ज्या गावात मी फक्त जत्रेपुरती आणि मे महिन्याच्या सुट्टीत जायची, ते आपलं घर. ज्या गल्लीत मी जन्मले, शाळेत गेले, सायकल शिकले, तो परका मुलूख. तेव्हा मला यात काही चमत्कारिक वाटलं नाही. आमच्याकडे सगळे असंच बोलायचे.

हे मी आपल्या गलाईवाल्यांसाठी लिहिते आहे, दक्षिणेत गेलेल्यांसाठी आणि गावी मागे राहिलेल्यांसाठीही. बाकीच्यांनी वाचलं तर हरकत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. खटाव, माण, आटपाडीकडची माणसं पाऊस पडेना म्हणून दक्षिणेत पांगली. जुने दागिने, सोन्याचांदीचा चुरा भट्टीत घालून शुद्ध करून द्यायचा, हा गलाईचा धंदा. भट्टी तिकडे, बंगला इकडे. मुलांच्या शाळा तिकडे, मुलींच्या सोयरिकी इकडे. म्हातारपणी गावी यायचं हे तर न बोलता ठरलेलंच. आबांनीही गावात दोन मजली बंगला बांधला. बाल्कनीला स्टीलचं रेलिंग, जिन्याला ग्रॅनाइट, वर गच्चीत पाण्याची भलीमोठी टाकी. त्या टाकीतलं पाणी त्यांनी किती वापरलं असेल कोण जाणे. ते सेलममध्येच गेले.

मला सांगलीत दिलं. आमच्या ह्यांचं कुपवाडला लेथ मशिनचं छोटं वर्कशॉप आहे. सासरी पहाटेपासून चहाचं आधण. मी हौसेने फिल्टर काढून कॉफी केली, तर सासूबाई एक घोट घेऊन म्हणाल्या, औषध चांगलं आहे. आठवडाभर मी माझ्यापुरती करून प्यायले. मग एकटीसाठी एवढा खटाटोप नको वाटायला लागला आणि फिल्टर माळ्यावर गेला. आता मी पक्की चहाबाज आहे. आलं ठेचलेला, जरा उकळलेला चहा सकाळी पोटात गेला नाही तर माझ्याशी कुणी बोलू नये. ही बाई कधी तमिळमध्ये भांडायची, हे सांगूनही कुणाला खरं वाटत नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या भावाने, संजूने, सेलमचं दुकान बंद केलं. मशिनं आली, मोठी दुकानं आली, आमच्या भट्टीकडे कुणी फिरकेना. तो पुण्यात नोकरीला लागला, सेलमचं भाड्याचं घर सोडलं, आणि आईला आबांच्या बंगल्यात आणून ठेवलं. आबांची इच्छाच होती तशी. पण त्या आळीतले सगळेच बंगले गलाईवाल्यांचे, जत्रेपुरते उघडणारे. एरवी फाटकांना कुलपं आणि अंगणात वाळलेली पानं. मी भेटायला गेले तेव्हा आई एवढ्या मोठ्या घरात स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. वरच्या मजल्यावर गेलीस का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, वर कोन हाय? मी त्याच दिवशी तिला सांगलीला घेऊन आले.

इथे माणसं होती, गॅलरी होती, समोर भाजीवाली बसत होती. रुळतील हळूहळू, असं सगळेच म्हणत होते. पण आई काही रुळेना. पहाटे उठून गेटकडे बघत बसायची. जेवण निम्म्यावर आलं. ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागले. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. मन रमवा म्हणाले. मी रोज तिच्या दंडाकडे बघायची आणि मला भीती वाटायची. आई माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत विझत चालली होती आणि मला काही करता येत नव्हतं.

तिने तक्रार केली ती एकदाच, कॉफीबद्दल. सकाळी मी दिलेल्या कपाकडे बघून म्हणाली, ही कॉफी न्हाई. मला तर आनंदच झाला. चला, काहीतरी हवंय तरी हिला. मी माळ्यावरून फिल्टर काढला, चिंचेने घासून लख्ख केला. बाजारातली पूड आणली, नाही जमलं. म्हशीचं दूध जड पडतं म्हणून गाईचं लावलं. कमलाक्काला फोन केला, तिने तिकडच्या गिरणीतली ताजी पूड कुरिअरने पाठवली. तीही आईने घोटभर घेऊन खाली ठेवली. पाणी वेगळं आहे, म्हणाली.

मग मी हट्टाला पेटले. आमचा मुलगा ओंकार नोकरीसाठी नेदरलँड्सला गेला, त्याची गिअरची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात होती. ती पुसली, हवा भरली, कॅरिअरला थर्मास बांधला आणि कॉफीसाठी सांगली पालथी घालायला निघाले. पन्नाशीची बाई पंजाबी ड्रेसवर सायकल मारते आहे म्हटल्यावर विश्रामबागेत लोक वळून बघायचे. बघा म्हटलं. सेलममध्ये मी डबलसीट घेऊन चढ चढायची.

तुम्हाला सांगते, सांगलीत आता कॉफीचा सुळसुळाट झालाय. कॉलेजकडच्या एका ठिकाणी काचेच्या नरसाळ्यावर कागद ठेवून वरून गरम पाण्याची बारीक धार सोडतात, महादेवावर अभिषेक चालल्यासारखी. दाढीवाल्या मुलाने मला विचारलं, संत्र्याचा वास येतोय का. मी म्हटलं, जळका येतोय. त्याने वाईट वाटून घेतलं नाही, उलट दुसरी करून दिली. दुसऱ्या एका कॅफेत कॉफी रात्रभर भिजत घालतात, हरभरे घालावेत तशी. ती थंडगार काळी कॉफी थर्मासमध्ये भरून आणली तेव्हा आईने मला हळूच विचारलं, माझ्यावर काही राग आहे का. कुठे फेसावर पान काढून देतात, कुठे चॉकलेट शिंपडतात, कुठे मग एवढा मोठा की त्यात दोघांची आमटी बसेल. मी सगळीकडे आधी स्वतः प्यायची, जरा बरी वाटली की थर्मास पुढे करायची. घरी आई एक घोट घ्यायची आणि म्हणायची, बरी हाय. आमच्याकडे मुलाचं स्थळ नाकारायचं असलं की ज्या आवाजात म्हणतात, त्या आवाजात.

खरं सांगायचं तर सायकलवर असले की मला बरं वाटायचं. पॅडल मारताना वाटायचं, मी आईसाठी काहीतरी करते आहे. घरी तिच्यासमोर नुसतं बसवत नव्हतं. आमचे हे एकदा म्हणाले, अगं, तुझंच वजन उतरलं की. मी त्यांच्यावर चिडले आणि नंतर एकटीच रडले.

शेवटी मिरजेत सापडली. उसाच्या ट्रॉल्या चुकवत मी तिथवर गेले होते, घामाघूम झाले होते. स्टेशनजवळ एका उडपी हॉटेलात स्टीलच्या पेल्यात कॉफी समोर आली आणि तोंडाशी नेण्याआधीच वासाने मला सेलमची आमची गल्ली दिसली. आबा मला सायकलच्या दांडीवर बसवून पूड दळायला न्यायचे ती गिरणी, कमलाक्काच्या दारातली ओली रांगोळी. मी तिथे बसून नाक पुसत पूर्ण पेला संपवला. थर्मास भरून घेतला आणि वाटेत कुठेही न थांबता घरापर्यंत सायकल हाणली.

आईने थर्मासमधली कॉफी आपल्या पेल्यात ओतली, वाटीत ओतली, पुन्हा उंचावरून पेल्यात. सेलमच्या बायका करतात तशी. एक घोट घेतला. दुसरा घेतला. सगळी प्यायली.

"हीच हाय," ती म्हणाली. "आता हिंडू नगंस."

मला वाटलं, जिंकलं. एक दिवसाआड मिरजेला जाईन, पावसाळ्यात रिक्षाने जाईन, असं मी तिला भराभरा सांगत सुटले. ती ऐकत होती. मग तिने पेला खाली ठेवला आणि मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली.

लग्न होऊन ती सेलमला गेली तेव्हा पोरसवदाच होती. माहेरी शेळ्यामेंढ्या, त्यामुळे शेळीच्या दुधाचा गुळाचा चहा, तोच माहीत. तिकडची कॉफी तिला जळक्या लाकडासारखी लागायची. ती घशाखाली उतरेना, जेवण जाईना, पोरगी वाळायला लागली. आबा तेव्हा चुलत्यांच्या भट्टीवर कामाला होते. त्यांनी कुणाची तरी सायकल मागून घेतली आणि चहासाठी सेलम पालथं घातलं. कुठून तरी पूड आणली, कुठून गूळ. शेळीचं दूध देणारा माणूससुद्धा शोधून काढला.

"चहा झाला," आई म्हणाली. "गावच्यावानीच झाला. त्यो प्याले आन् आनकी रडले. चहात काय नव्हतंच गं. मग तू झालीस, संजू झाला, कमला घरात यायला लागली. तिथलं कवा ग्वाड लागाया लागलं, कळलं बी न्हाई. पर लय वरसं गेली त्यात, सुमे. तेवढी वरसं आता माज्याजवळ न्हाईत."

मी थर्मास धुऊन ठेवला आणि पहिल्यांदाच आईला विचारलं, सेलमला परत जायचं का; ती लगेच हो म्हणाली.

कमलाक्का आता एकटी असते. मुली लग्न होऊन गेल्या, नवरा नाही, घर स्वतःचं. मी फोन केला तर माझं बोलणं पुरतं होण्याआधीच म्हणाली, मागची खोली रिकामी आहे, कधी आणतेस? ती आणि आई, दोघींचं वय झालेलं. एकीला काही झालं तर दुसरी काय करणार, हा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. अजूनही येतो, विशेषतः फोन लगेच उचलला नाही की.

संजू तर भडकलाच. "दोन लेकरं जिवंत असताना आय परक्याच्या दारात? भावकी काय म्हनंल, ताई? आबांनी बंगला कुनासाठी बांधला?" त्याचं चुकत नव्हतं. भावकी जे म्हणायचं ते म्हणालीच, आणि अजून म्हणते आहे. लेकीला आई जड झाली, हेही माझ्या कानावर आलं. ऐकून मला त्रास होतो, होत नाही असं कशाला म्हणू? पण आईचे दंड मी रोज बघत होते, भावकी बघत नव्हती. मी संजूला म्हटलं, तू येऊन चार दिवस राहा, तिच्यासमोर बस, मग बोल. तो आला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच मिरजेहून आमची तिकिटं काढली.

मी तिला सोडायला सेलमपर्यंत गेले. मिरजेच्या फलाटावर गाडीची वाट बघत असताना मी पिशवीतून फिल्टर काढून तिला द्यायला लागले. तिने तो परत माझ्या हातात दिला. तिथं कमलाचा आहे, म्हणाली. बंगल्याची किल्लीही तिने कनवटीची सोडून मलाच दिली. गाडीत बसल्यावर तिने चिवडा मागितला आणि खाल्ला. इतक्या महिन्यांत तिने काही मागून खाल्लं ते तेव्हाच. मी खिडकीकडे तोंड करून बसले. आनंद होत होता आणि काळीज तुटतही होतं. आपल्याला सोडून जाताना आपल्या आईला भूक लागावी, हे पचवायला अवघड आहे.

आता ती बरी आहे. दंड भरले की नाही ते व्हिडिओ कॉलवर कळत नाही, पण आवाज भरला आहे. मी रविवारी सायकल काढते, मिरजेला जाते, एक कॉफी पिते. चांगली लागते. घरी येऊन पुन्हा चहा टाकते, कारण त्याशिवाय मला चैन पडत नाही. घर म्हणजे काय, हे मला विचाराल तर मी आता आबांसारखं ठामपणे सांगू शकणार नाही. जिथे आपली वर्षं गेली तिथे ती राहतात, ट्रंकेत घालून आणता येत नाहीत, एवढंच कळलं. ज्यांनी गावी बंगले बांधलेत त्यांनी ते खुशाल बांधावेत. फक्त आईवडिलांना तिथे ठेवण्याआधी एकदा विचारावं.

गेल्या रविवारी ओंकारचा फोन आला. तुम्ही दोघंच किती दिवस राहणार, बाबांचं वर्कशॉप आता आवरा, इकडे कायमचे या, म्हणाला. घर मोठं घेतलंय, तुमची खोलीही तयार आहे. मी नुसतं बघू म्हटलं तर त्याला वाटलं, मी अडचणी मोजते आहे.

"आई, चहाची काळजी करू नकोस," तो म्हणाला. "दुकान शोधून ठेवलंय. जरा लांब आहे, पण मी सायकलने जाऊन आणत जाईन. आलंसुद्धा मिळतं तिथे."

मी म्हटलं, "ओंकार, तू चहा शोधत हिंडू नकोस रे बाबा."

"मग काय शोधू?"

मी म्हटलं, आधी सेलमला आजीला फोन कर आणि तिला चहाची गोष्ट विचार.