नको म्हणतानाचं चित्र

अमरावतीच्या मुलींच्या शाळेत मी चित्रकला शिकवायला लागले तेव्हा साठ साल नुकतंच उलटलं होतं. टेबलावर एक तांब्या, दोन कांदे आणि वांगं मांडायचं आणि मुलींकडून ते काढून घ्यायचं, हे माझं काम. परीक्षेला तेच येई. मुली छाया-प्रकाश बरोबर दाखवत, तांब्याचा काठ नीट गोलाईत काढत. पण तो तांब्या कुणाचा, त्यातलं पाणी कोण पितं, हे कुठल्याच चित्रात दिसत नसे. मला त्या तांब्याचा वीट आला होता.

त्या वैतागातच मी ठरवलं की आपल्याजवळच्या वस्तू, ज्या माणसाशी त्यांचं काही नातं आहे, त्याला देऊन टाकायच्या. मग त्याच्यासमोर बसायचं आणि माणूस अन् वस्तू एकत्र काढायची. अशा चित्रांचं प्रदर्शन अकोल्याला भरवायचं. देणं हेही चित्राचाच भाग. कल्पना मला इतकी साधी वाटली की ती कुणाला समजावून सांगावी लागेल असं मनातसुद्धा आलं नाही.

सुरुवात टांगेवाल्या चाचांपासून केली. नोकरीच्या पहिल्या दिवशी धो धो पावसात त्यांनी टांग्याची ताडपत्री माझ्या अंगावर टाकली होती आणि स्वतः भिजत मला शाळेत सोडलं होतं. माझी मोठी काळी छत्री मी त्यांना दिली. त्यांनी ती उघडून बघितली, मिटली आणि काळजीनं विचारलं, "बेटी, तबियत तो ठीक है ना?"

रविवारी कागद-पेन्सिली घेऊन त्यांच्या घरी गेले, तर छत्री नव्हती.

"जावई ले गए तेल्हारा," चाचा म्हणाले.

"मग मी काढू काय?"

"मुझे निकालो ना!" असं म्हणून ते दाढीवरून हात फिरवत खाटेवर बसले. मी मुकाट्यानं त्यांचं चित्र काढलं. हात गुडघ्यावर, आणि हातात काही नाही.

आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, मी माझं गजराचं घड्याळ दिलं. वेळेवर यायची शिस्त त्यांनीच मला लावली होती. घड्याळ बघून त्यांचा चेहरा कडक झाला. "असल्या गोष्टींनी नोकरी कायम होत नसते, बाई," त्या म्हणाल्या आणि शिपायाला बोलावून घड्याळ शाळेच्या कपाटात ठेवायला लावलं. मी चित्राचं नाव काढलं तेव्हा त्यांनी मला सरळ वर्गावर पाठवलं.

तोवर बातमी दर्यापूरजवळच्या आमच्या गावी पोचली होती. तिशीला आलेली बिनलग्नाची बाई सामान वाटून राहिली म्हटल्यावर लोकांनी काय काय जोडलं असेल! मोठा भाऊ पहिल्या एसटीनं आला. खोलीत शिरल्याबरोबर त्यानं विचारलं, "तू संन्यास घेऊन राहिली का?"

"नाही रे दादा, चित्रं काढून राहिली."

"चित्र काढाले सामान काहून वाटा लागते?"

मी सांगत गेले, तो ऐकत गेला, आणि शेवटी त्यानं माझं शिवणयंत्र उचललं. ते मी वहिनीलाच देणार होते. लहानपणी माझे परकर तिनं हातानं शिवले होते. हे सांगितल्यावर दादा खूश झाला. "मंग तं झालंच," म्हणाला आणि यंत्र एसटीच्या टपावर चढवून घेऊन गेला. पुढच्या महिन्यात मी गावी गेले, तर यंत्र मागच्या खोलीत पोत्यात बांधून, वर कुलूप! "तुह्या लग्नात लागन नं," दादा म्हणाला. वहिनीनं त्याला बोटही लावलेलं नव्हतं. मी भांडले, ओरडले. वहिनीच मला म्हणाली, "जाऊ द्या बाई, काहून डोकं तापवता?"

आता भिस्त एका माणसावर होती. माझी मैत्रीण अकोल्याला सरकारी कचेरीत नोकरीला होती. कॉलेजात आम्ही एका खोलीत राहायचो. माझी जांभळी, जरीकाठी साडी तिनं एकदा मुलाखतीला नेसली होती आणि ती तिलाच शोभली होती. ती साडी धुऊन, इस्त्री करून मी अकोल्याला गेले आणि तिच्या पलंगावर ठेवली.

तिनं हात लावला नाही. "मले नको."

"तेव्हा तर नेसली होतीस."

"तेव्हा मागून नेली होती. वापस केली होती."

"अगं, मी दान नाही करून राहिली. हे चित्रासाठी..."

"माह्या मायनं जन्मभर दुसऱ्याचे उतरलेले लुगडे नेसले," ती शांतपणे म्हणाली. "छप्पन साली नागपूरले दीक्षा घेतली, तेव्हापासून तिनं उतरलेलं अंगाला लावलं नाही. मी लावू?"

मला राग आला. इतक्या वर्षांची मैत्री, आणि हिनं मला त्या लुगडं देणाऱ्यांत बसवावं! तिचं चुकलं असंही म्हणता येईना, म्हणून तो राग आणखीच वाढला. मी साडी पिशवीत कोंबायला लागले.

"थांब," ती म्हणाली. "चित्र काढाचं हाय नं? मी नको म्हणून राहिली, तसं काढ."

ती खुर्चीत ताठ बसली. पलंगावर घडी घातलेली साडी, आणि हिचे हात मांडीवर बांधलेले. मी रागातच रेघा ओढल्या. दुपार कलेपर्यंत ती तशीच बसून राहिली.

अकोल्याच्या एका वाचनालयाच्या खोलीत प्रदर्शन भरलं. वस्तू वाटणार आहेत असं ऐकून बरेच लोक आले. "कधी वाटणार?" असं विचारून ते बाकांवर बसून राहिले. चित्रांकडे पाठ. शेवटी वाचनालयाच्या सेक्रेटरींनी उभं राहून सांगितलं की इथं काही मिळणार नाही, तेव्हा खोली रिकामी झाली.

संध्याकाळी मैत्रीण आली. थेट आपल्या चित्रापुढे जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "हे मले दे."

"हे?"

"हे तं कोणी वापरलेलं नाही. माह्यासाठीच काढलं नं तू?"

ते मला द्यायचं नव्हतं. सगळ्या खटाटोपातून तेवढं एकच धड हाती आलं होतं. छत्री, घड्याळ, यंत्र, साडी, कशावाचूनही माझं अडत नव्हतं. ह्या कागदावाचून अडणार होतं. कारणं शोधत मी थोडी घुटमळले. ती हात पुढे करून उभीच. शेवटी मी खिळ्यावरून चित्र काढलं आणि दिलं.

तिनं ते खिडकीसमोरच्या भिंतीवर लावलं. दुपारचं ऊन थेट त्याच्यावर पडतं. कागद पिवळा पडायला लागला, तेव्हापासून दर भेटीत मी तिला सांगते, की अगं, जागा बदल.

"माह्यं हाय ते," ती म्हणते. "मी कुठंबी लावीन."