बाबाने निवडलेला क्वार्टरबॅक

माझ्या नवऱ्याने एकच हट्ट शेवटपर्यंत सोडला नाही, तो म्हणजे हरणाऱ्या अमेरिकन फुटबॉल टीमचा. लग्नानंतर आम्ही जर्सी सिटीत राहत होतो, तेव्हा ऑफिसातल्या मित्रांनी त्याला तिकडच्या टीमचं वेड लावलं. पुढे दक्षिणेकडे, कॅरी नावाच्या गावात घर घेतलं. इथल्या लोकांची टीम वेगळी, पण याने आपली बदलली नाही. हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात आणि शेवटी आपले हरतात, यापलीकडे मला त्यातलं काही कळत नसे, कळून घ्यायची इच्छाही नव्हती. आमची मुलगी मात्र बापाच्या मांडीवर बसून तो खेळ शिकली. हायस्कूलला गेली तोवर तिला बापापेक्षा जास्त कळायला लागलं होतं आणि ते ती त्याला रोज ऐकवायची.

त्या वर्षी फॉलमध्ये, म्हणजे पानगळीत, दोघांचा वाद एका कॉलेजच्या मुलावरून सुरू झाला. इथली पद्धत अशी की दर वसंतात मोठ्या टीम कॉलेजातले खेळाडू निवडून घेतात, आणि ज्या टीमचं वर्ष सगळ्यात वाईट गेलं तिला आधी निवडायला मिळतं. आमच्या टीमला लवकर नंबर मिळणार हे दिवाळीतच दिसत होतं. नवरा म्हणे, हा मुलगा घ्यायलाच हवा. मुलगा क्वार्टरबॅक होता, म्हणजे चेंडू हातात घेऊन सगळा डाव चालवणारा. मुलगी म्हणे, मुळीच नाही. गाडीत, जेवताना, भांडी डिशवॉशरमध्ये लावताना हेच. मी वैतागून म्हणायची, "अरे, तुम्हाला विचारणार आहे का ती टीम?"

जानेवारीत नवरा गेला. ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीत बसल्या बसल्या. गाडीचं इंजिन चालूच होतं, म्हणून कुणाच्या तरी लक्षात आलं.

माझे सासरे नागपूरहून आले. मुलगी त्यांना आबा म्हणते, म्हणून मीही आबाच म्हणते. ते शाळेत पीटीचे मास्तर होते, कबड्डीचा संघ निवडून तालुक्याला न्यायचे. सासूबाई आधीच गेलेल्या, आणि हा एकुलता एक मुलगा. दिवस झाले, भेटायला येणारे थांबले, आणि घरात आम्ही तिघं उरलो. तिघांना एकमेकांशी काय बोलावं ते कळेना. आबांना इंग्रजी जेमतेम येतं. मुलीला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. ती शाळेतून आली की वर खोलीत जायची. आबा खिडकीशी बसून समोरच्या ओल्या लॉनकडे बघत राहायचे. मी स्वयंपाकघरात उगाच ओटा पुसत राहायची.

मार्चमध्ये एका रविवारी मुलगी खाली पाणी प्यायला आली. टीव्ही चालू होता आणि त्यावर तोच मुलगा दिसत होता. कॉलेजच्या मैदानावर पळत होता, चेंडू फेकत होता, आणि सुटातली माणसं त्याच्याबद्दल बोलत होती. मुलगी ग्लास हातात धरून थबकली.

आबांनी विचारलं, "हा कोण आहे?"

ती टीव्हीकडेच बघत होती. मीच सांगितलं, "आबा, यांना हा मुलगा टीममध्ये हवा होता. हिला नको आहे. दोघं भांडायचे त्यावरून."

आबा खुर्चीत पुढे सरकले. "त्याचं म्हणणं घ्या असं होतं?"

"हो."

"मग माझंही तेच. घेऊन टाका पोट्ट्याला."

मुलगी गर्रकन वळली. "आबा, यू डोन्ट ईव्हन नो द गेम!"

"तर मग सांग ना. काहून घ्यायचं नाही?"

आणि ती बोलायला लागली. दोन महिन्यांत ती एवढं बोलली नव्हती. इतक्या वेगात इंग्रजी बोलत होती की मला तिला मध्ये थांबवून थांबवून आबांना सांगावं लागत होतं. तिचं म्हणणं असं की मुलगा चांगला आहे, हात चांगला आहे, पण त्याचा गुडघा एकदा गेलेला आहे. आणि खरी अडचण त्याच्यात नाहीच, आपल्या टीममध्ये आहे. क्वार्टरबॅकच्या पुढे जी माणसं भिंतीसारखी उभी राहतात, ती आपल्याकडे कुचकामी आहेत. त्या भिंतीमागे कुणालाही उभं करा, तो मोडणार. आधीच्यांचं तेच झालं. आधी भिंत बांधा, मग पोरगा आणा.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अन् भिंत बांधेपर्यंत हा दुसऱ्यानं नेला तर?"

"लेट देम!"

"वा. असं कसं? हा पडल्यावर कसा उठते पाहिलं का? हात टेकवत नाही. असा पोट्टा रोज मिळत नाही, बेटा. मी लई संघ निवडले."

"दॅट वॉज कबड्डी, आबा."

"पडणं तर सारखंच असते."

त्या दिवसापासून ते दोघं रोज भांडायला लागले. ती शाळेतून येईपर्यंत आबा चहा घेत नसत. तिने त्यांच्या मोबाइलवर त्या मुलाचे जुने सामने लावून दिले आणि आबा ते दिवसभर बघत. ती आली की म्हणत, "हे पाहा, तिघं अंगावर येऊन राहिले तरी यानं चेंडू सोडला नाही." ती म्हणे, तोच तर प्रॉब्लेम आहे, सोडायला हवा होता. मी मधे बसून इकडचं तिकडे करायची. हळूहळू माझी गरज कमी झाली. तिच्या इंग्रजीत मराठी शब्द येऊ लागले, आणि आबाही 'रिस्क' आणि 'प्रेशर' म्हणायला लागले.

मला वाटायला लागलं होतं की यातून काहीतरी निघेल. आबांचं तिकीट मे महिन्याचं होतं. व्हिसाची मुदत संपत होती आणि त्यांना आता विमानाचा प्रवास झेपत नाही हे येतानाच दिसलं होतं. तरी मी मनात म्हणत होते की ते आणखी राहतील, काहीतरी करता येईल.

निवडीच्या संध्याकाळी मी साबुदाण्याची खिचडी केली, कारण ती आबांनाही चालते आणि तिलाही आवडते. दोघं सोफ्यावर शेजारी शेजारी बसले. आमच्या टीमची पाळी आली. एक माणूस स्टेजवर आला, त्याने चिठ्ठी वाचली आणि त्याच मुलाचं नाव घेतलं.

आबा टाळ्या वाजवत उभेच राहिले. "घेतलं! पाहा, घेतलं का नाही! तुझ्या बापाचं ऐकलं त्यांनी!"

टीव्हीवर तो मुलगा आईला मिठी मारून रडत होता. आमची मुलगीही रडत होती. आबांना वाटलं ती आनंदाने रडते आहे. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो बाजूला केला.

"अगं, काय झालं?" मी विचारलं.

ती माझ्याशी मराठीत बोलली. मोडक्या, अडखळत्या मराठीत, बहुधा आबांना कळावं म्हणून. "नसता घेतला ना, तर बाबा कधीच राँग झाला नसता. दुसरीकडे तो चांगला खेळला असता, आणि आपण म्हटलं असतं, बाबाला माहीत होतं. आता तो इथे येणार. इथे सगळे वाईटच होतात. आता बाबा राँग होणार, आणि त्याला काही म्हणता पण नाही येणार."

आबा खाली बसले. टाळ्या वाजवलेले हात त्यांनी मांडीवर ठेवले. खिचडी गार झाली.

आबा मेमध्ये परत गेले. विमानतळावर त्यांनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाले, "पाहू, काय होते ते." त्यांनी 'पुन्हा येईन' म्हटलं नाही, मीही 'या' म्हणू शकले नाही. व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाने त्यांना सिक्युरिटीच्या रांगेत नेलं. त्यांनी मागे वळून पाहायचा प्रयत्न केला, पण मान तेवढी वळत नव्हती.

सप्टेंबरात सामने सुरू झाले. मुलीने ठरवून टाकलं होतं की बघायचं नाही, तरी ती बघायची. तो मुलगा शूर होता, एवढं मलाही कळत होतं. पण दर वेळी चेंडू हातात घेतला की समोरची भिंत फुटायची आणि चार-पाच जण त्याच्यावर कोसळायचे. तो उठायचा, पुन्हा कोसळायचा. आबा म्हणाले होते तसा, हात न टेकवता उठायचा. थंडी पडायच्या आधीच्या एका सामन्यात तो उठला नाही. गुडघा तोच होता. त्याला छोट्या गाडीवर बसवून बाहेर नेलं, तेव्हा त्याने टॉवेलने तोंड झाकून घेतलं होतं. मुलीने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. "मी जिंकले" असं तिने म्हटलं नाही. ती वर निघून गेली.

संध्याकाळी आबांचा फोन आला. तिकडे सोमवारची पहाट होती, ते नेहमीसारखे लवकर उठले होते. "पोट्ट्याचं कसं झालं?"

"थोडं लागलंय आबा. होईल बरा."

"मी पाहिलं मोबाइलवर," ते म्हणाले. "तू काहून मला समजावून राहिली?"

मग त्यांनी विचारलं, "ती आहे का?" मी वर हाक मारली. ती आली नाही. "अभ्यास करतेय," मी सांगितलं. ते म्हणाले, "करू दे."

त्यानंतर त्यांनी त्या मुलाचं नाव काढलं नाही. आता आमचं बोलणं रक्तदाबाच्या गोळ्यांवर आणि तिकडच्या उन्हावर होतं. मुलगी फोनवर 'हाय आबा' म्हणते आणि फोन माझ्याकडे देते. डॉक्टरांनी त्यांना विमानप्रवास करू नका असं सांगितलं आहे. मुलगी लांबच्या कॉलेजांमध्ये अर्ज करते आहे, जितकं लांब तितकं तिला बरं वाटतं.

टीमचं वर्ष पुन्हा वाईट गेलं. वसंतात पुन्हा टीव्हीवर सुटातली माणसं बसली, पुन्हा कॉलेजची मुलं पळू लागली. एका रविवारी ती खाली आली तेव्हा मी धीर करून विचारलं, "यंदा कुणाला घ्यावं ग?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, थकून. "आई, यू डोन्ट केअर."

तिचं बरोबर होतं. मला त्या खेळाचं कधीच काही वाटलं नव्हतं. तरीही मी म्हटलं, "तू सांग तर खरं." पण तोवर ती जिना चढून वर गेली होती.